कीर्द, खतावणी आणि कामाचा नकाशा : धंद्याची फोड करून चित्र कसं काढतात

फेब्रुवारी सरत आला की सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा वास भरून राहतो. कपड्यांना, वहीच्या पानांना, चहाच्या कपालासुद्धा पिवळी पूड लागते. धंद्यातल्या कामाची फोड करून त्याचं चित्र काढून देणं हे माझं काम. अशाच एका हंगामात एका अडत दुकानाच्या, म्हणजे शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानाच्या, मालकांनी मला बोलावून घेतलं. गादीशेजारी नवा कॉम्प्युटर होता, त्यावर फडकं टाकलेलं. दिवाणजी शेजारी बसून नेहमीच्या लाल वहीत लिहीत होते.

"सॉफ्टवेअर घेतलं, ताई. करायला चार महिने लागले. हंगाम सुरू झाला आणि आठव्या दिवशी बंद केलं," मालक म्हणाले.

सॉफ्टवेअर करणाऱ्या मुलांनी त्यांना विचारलं होतं, "तुमची प्रोसेस सांगा." मालकांनी सांगितली. माल येतो, सौदा होतो, वजन होतं, पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब) होते, पैसे जातात. पाचही गोष्टी खऱ्या. मुलांनी तसंच सॉफ्टवेअर केलं. पण पहिल्याच आठवड्यात एका शेतकऱ्याला निघालेला भाव पटला नाही, त्याने माल दुकानातच ठेवायचा ठरवला. सौदा झाला म्हणजे पुढे वजनच, एवढंच त्या सॉफ्टवेअरला ठाऊक होतं, ते तिथे अडलं. दोन दिवसांनी वजनाच्या वेळी तीन पोती ओलसर निघाली म्हणून खरेदीदाराने बाजूला काढली. तिथेही अडलं. दिवाणजींनी निमूटपणे लाल वही पुन्हा उघडली.

मालक खोटं बोलले नव्हते आणि त्या मुलांनी कामचुकारपणा केला नव्हता. दोघांच्या मध्ये कामाचं चित्र मात्र नव्हतं.

१ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या विक्रीसाठी जीएसटीचं ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. तेव्हापासून यार्डात, एमआयडीसीत, तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, सगळीकडे कॉम्प्युटरची बोलणी चालू आहेत आणि त्या बोलण्यांत 'फंक्शन', 'प्रोसेस', 'फ्लोचार्ट', 'ईआरपी' (सगळ्या धंद्याचा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) हे शब्द भराभर येतात. समोरचा मान हलवतो, पण त्याला त्यातलं फारसं कळलेलं नसतं. हे शब्द अवघड नाहीत. त्यांच्यामागची कल्पना आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वापरात आहे, फक्त तिला आपण त्या नावाने ओळखत नाही.

कीर्द आणि खतावणी

माझे वडील गणपती पेठेतल्या एका पेढीवर दिवाणजी होते. मी सातवी-आठवीत असताना त्यांनी मला कीर्द आणि खतावणी शिकवली. कीर्दीत व्यवहार घडेल तसा, तारखेच्या ओळीने उतरतो. सकाळी हमाली दिली, दुपारी बारदानाचे पैसे दिले, संध्याकाळी वसुली आली. खतावणीत तेच व्यवहार खात्याखात्याने जातात. हमालीचं खातं वेगळं, बारदानाचं वेगळं, त्या खरेदीदाराचं वेगळं. व्यवहार तेच, पण मांडणी दोन प्रकारची. वडील म्हणायचे, एकट्या कीर्दीवरून कुणाकडे किती येणं आहे ते कळत नाही आणि एकट्या खतावणीवरून आज काय घडलं ते कळत नाही.

धंद्याचं चित्र काढताना नेमक्या याच दोन मांडण्या लागतात.

'फंक्शन' म्हणजे कार्य. धंदा चालायला काय काय व्हावं लागतं, याची ती खात्याखात्याने केलेली मांडणी. त्यात कोण करतं आणि कधी करतं हे नसतं. ही झाली खतावणी. 'प्रोसेस' म्हणजे प्रक्रिया. एक काम सुरू झाल्यापासून तडीस जाईपर्यंत कुठल्या क्रमाने, कुणाकुणाच्या हातातून जातं, त्याची मांडणी. ही झाली कीर्द. पुढचं सगळं या दोन शब्दांवरच उभं आहे.

मालकांनी त्या मुलांना फक्त कीर्द सांगितली होती, तीही एका सरळ दिवसाची.

वंशावळीसारखं झाड

पहिलं चित्र कार्यांचं. ते वंशावळीसारखं दिसतं. सगळ्यात वर मूळ पुरुषाच्या जागी एक चौकोन : 'हळदीचा अडत व्यवसाय चालवणे'. त्याखाली त्याची मुलं, त्यांच्याखाली नातवंडं. या पद्धतीला कार्यांची फोड म्हणता येईल.

त्या दिवशी आम्ही जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर हे झाड काढलं. पहिल्या खेपेला ते असं झालं :

१ माल ताब्यात घेणे : १.१ पोती उतरवणे, १.२ शेतकऱ्याच्या नावाने मोजून नोंदवणे, १.३ लॉट लावणे

२ माल विकणे : २.१ माल दाखवणे, २.२ सौदा काढणे, २.३ शेतकऱ्याची संमती घेणे, २.४ वजन करून खरेदीदाराच्या हवाली करणे

३ हिशेब करणे : ३.१ शेतकऱ्याची पट्टी करणे, ३.२ खरेदीदाराचं बिल करणे, ३.३ खाती लिहिणे

४ पैशांची देवघेव करणे : ४.१ शेतकऱ्याला उचल देणे, ४.२ पट्टीचे पैसे देणे, ४.३ खरेदीदाराकडून वसुली करणे

यार्डाबाहेरच्या वाचकांसाठी एकदा सांगून ठेवते : पट्टी म्हणजे वजन, भाव, एकूण रक्कम, त्यातून वजा हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी), गाडीभाडं, आधी घेतलेली उचल, आणि शेवटी हातात येणारी रक्कम असा शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब.

आता ४.१ कडे बघा. उचल अनेकदा माल यायच्या कितीतरी महिने आधी दिलेली असते. हळद मे-जूनमध्ये लावतात आणि जमिनीत आठ-नऊ महिने राहते. शेतकऱ्याला पैशांची गरज त्या मधल्या काळातच लागते. म्हणजे झाडात चौथ्या फांदीवर असलेलं काम प्रत्यक्षात सगळ्यात आधी होतं. यात चूक काही नाही. हे आकडे ओळखीसाठी आहेत, क्रमासाठी नाहीत. खतावणीच्या पानांचे आकडे व्यवहाराची तारीख सांगत नाहीत, तसंच हे.

झाड काढताना मी दोन गोष्टी कटाक्षाने पाळते. एक म्हणजे प्रत्येक चौकोनात क्रियापद हवं. 'गोदाम' हे कार्य नाही, ती जागा आहे. 'अकाउंट विभाग' हे कार्य नाही, ती माणसं आहेत. 'पट्टी करणे' हे कार्य आहे. उद्या दिवाणजी बदलले, टेबल दुसऱ्या खोलीत गेलं, कॉम्प्युटर आला, तरी पट्टी करावीच लागते. म्हणून कार्यांचं झाड वर्षानुवर्षं टिकतं, माणसांचा तक्ता मात्र वर्षाच्या आत जुना होतो. मोठ्या कंपन्यांत हीच गफलत फार दिसते. फोड करायला बसतात आणि शेवटी कोण कुणाचा साहेब याचा तक्ता काढून उठतात.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलांची बेरीज बापाएवढी भरली पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. जमिनीच्या वाटणीत सगळ्या हिश्श्यांची बेरीज मूळ गटाच्या क्षेत्राएवढी यावी लागते, तसंच. ही बेरीज करायची कशी? प्रत्येक चौकोनाशी थांबून विचारायचं, "आणि तसं झालं नाही तर?"

मी २.३ वर बोट ठेवून विचारलं, "शेतकऱ्याने संमती दिली नाही तर माल कुठे जातो?"

"इथंच असतो की. आतल्या बाजूला रचतो."

"किती दिवस?"

"कधी चार दिवस, कधी महिना."

"त्या महिन्यात पाऊस आला, पोतं फुटलं, वजन घटलं, तर जबाबदारी कुणाची?"

दिवाणजी आणि मालक एकमेकांकडे बघायला लागले. त्या दुकानात एक अख्खं कार्य रोज पार पडत होतं, त्यावर जागा, हमाली आणि माणसाचं लक्ष खर्च होत होतं, त्यावरून वांधे होत होते, पण त्याला नाव नव्हतं. मी पहिल्या फांदीवर लिहिलं : १.४ शिल्लक माल राखणे. सॉफ्टवेअर आठ दिवसांत बंद का पडलं, ते तिथेच कळलं. जे काम झाडावरच नव्हतं ते त्या मुलांना कळणार तरी कुठून?

गंमत बघा, हेच काम सांगलीकरांनी एके काळी केवढ्या मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. हरिपूरची पेवं म्हणजे जमिनीखाली खणलेली हळदीची कोठारं, नुसती 'माल राखणे' या एका कार्यासाठी उभी राहिलेली व्यवस्था. २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्याखाली गेली. ज्या गावाने या कामासाठी जमिनीच्या पोटात जागा केली, त्याच गावच्या बाजारात आज ते काम कागदावर नसावं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

फोड कुठवर करायची?

हा प्रश्न हमखास येतो. 'पोती उतरवणे' याची फोड 'वाकणे, पोतं धरणे, उचलणे' अशीही करता येईल, पण ती कुणाच्या कामाची नाही. माझा साधा आडाखा असा : एक माणूस एका बैठकीत जे करून मोकळा होतो आणि नव्या माणसाला जे दोन मिनिटांत समजावता येतं, तिथे थांबावं.

एका वेळी किती चौकोन काढायचे, यावरही विचार झालेला आहे. डग्लस रॉस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने अशी चित्रं काढायची एक शिस्त बसवली होती. तिच्यातून अमेरिकेच्या हवाई दलाने १९८१ साली 'आयडेफ-झिरो' नावाची पद्धत आणली आणि १९९३ मध्ये तिथल्या सरकारने ती प्रमाण म्हणून छापली. तिच्यात एका चौकोनाची फोड कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ चौकोनांत करायची असा नियम आहे. दोनच निघाले तर फोड करण्यात अर्थ नाही, सहाच्या पुढे गेले तर डोळ्यांना झेपत नाही. जिल्ह्याच्या नकाशावर आपण घरं दाखवत नाही. त्यासाठी तालुक्याचा नकाशा, मग गावाचा, मग गटाचा. तसंच इथे.

चौकोनाच्या चार बाजू

त्या पद्धतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे चौकोनाच्या प्रत्येक बाजूला ठरलेला अर्थ आहे. डावीकडून आत येतो तो कच्चा माल किंवा माहिती, जिचं काम होता होता रूपांतर होतं. उजवीकडून बाहेर पडतं ते तयार झालेलं. खालून येतात ती माणसं आणि साधनं. आणि वरून येतात ते नियम, ज्यांच्या हुकमात काम चालतं, पण जे कामात खर्च होत नाहीत.

'पट्टी करणे' हा चौकोन घ्या. डावीकडून वजनाची चिठ्ठी, ठरलेला भाव आणि उचलीची नोंद. उजवीकडे तयार पट्टी. खालून दिवाणजी आणि कॉम्प्युटर. वरून हमाली आणि तोलाईचे ठरलेले दर, बाजार समितीचे नियम.

हे एवढं बारकाईने का करायचं? त्या बंद पडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हमालीचा दर आतमध्येच पक्का कोंबलेला होता. हमालीचे दर बोलणी होऊन अधूनमधून वाढतात, हे यार्डात लहान पोरालाही माहीत आहे. दर वाढला की यांना त्या मुलांना फोन करावा लागायचा, आणि ते हंगामात चार-चार दिवस भेटत नसत. वरून येणारा नियम त्यांनी खालच्या यंत्राचा भाग समजून बांधून टाकला होता. चौकोनाची वरची बाजू वेगळी काढली असती, तर हा दर मालकांना स्वतः बदलता येईल अशा जागी आला असता.

आता कीर्द : काम हातातून हातात कसं जातं

दुसरं चित्र प्रक्रियेचं. हे बहुतेकांनी शाळा-कॉलेजात फ्लोचार्ट म्हणून पाहिलेलं असतं. सुरुवातीला गोल, कामाला चौकोन, 'हो की नाही' असा फाटा असेल तिथे शंकरपाळी, आणि मध्ये बाण. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन पती-पत्नींनी १९२१ साली कामाच्या टप्प्यांचे असे तक्ते अभियंत्यांच्या सभेपुढे मांडले. आज मोठ्या कंपन्या जी चिन्हं वापरतात त्यांना 'बीपीएमएन' म्हणतात. ती २००४ मध्ये आली, २०११ मध्ये सुधारली आणि २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. त्यात चिन्हं पुष्कळ आहेत. आपल्या दुकानाला चार पुरतात.

एक गोष्ट मात्र सोडू नये, ती म्हणजे पट्टे. धावण्याच्या शर्यतीत प्रत्येकाचा वेगळा पट्टा आखलेला असतो, तसे कागदावर आडवे पट्टे आखायचे आणि प्रत्येक पट्टा एकाला द्यायचा : शेतकरी, हमाल, तोलाईदार, दिवाणजी, मालक, खरेदीदार. ज्याचं काम, त्याच्या पट्ट्यात चौकोन. मग बाण काढत जायचं. बाण एका पट्ट्यातून दुसऱ्यात उडी मारतो, तिथे लाल पेन्सिलीने खूण करायची.

आम्ही वाळवा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची पट्टी धरली आणि ती कुठे कुठे थांबते ते घड्याळ लावून पाहिलं. साडेअकराला सौदा झाला. दीड वाजेपर्यंत वजन संपलं. त्यानंतर चिठ्ठी दिसेचना. पाच वाजता ती तोलाईदारांच्या शर्टाच्या खिशातून निघाली, दिवसभराच्या सगळ्या चिठ्ठ्यांबरोबर, रबर बँड लावून. तोवर दिवाणजी वसुलीला गेलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी त्यांच्या टेबलावर आली, पण हमालीचा आकडा मुकादमाकडून यायचा होता. तो दुपारी आला. पट्टी लिहून झाली तेव्हा मालक बाहेरगावी. सही तिसऱ्या दिवशी झाली.

चिठ्ठी लिहिणं, हमालीचा आकडा मांडणं, पट्टी करणं, तपासणं, सही करणं, सगळं मिळून काम झालं पंचवीस मिनिटांचं. गेले मात्र दोन दिवस. आणि त्या दोन दिवसांत तो शेतकरी एसटीने दोनदा येऊन हात हलवत परत गेला होता. त्याच्या दोन दिवसांच्या रोजाचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता.

चित्रावर लाल खुणा मोजल्या. सगळा खोळंबा खुणांच्या जागीच होता. एकाही चौकोनाच्या आत वेळ जात नव्हता. वेळ जात होता तो एका हातातून दुसऱ्या हातात काम जाताना. हे मी आजवर जिथे जिथे पाहिलं, मग ती फाउंड्री असो की बेदाण्याचं शेड, तिथे जवळपास असंच निघालं आहे. प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो. खड्डा असतो तो दोघांच्या मधल्या जागेत, कारण ती जागा कुणाच्याच नावावर नसते.

मालक तोलाईदारांवर चिडले. मी त्यांना थांबवलं आणि तोलाईदारांनाच बोलावून विचारलं, "चिठ्ठ्या संध्याकाळपर्यंत खिशात का ठेवता?" ते म्हणाले, "माझी तोलाई त्याच्यावरच मोजतो की. चिठ्ठी देऊन टाकली तर मी दिवसाची बेरीज कशावर करू?"

म्हणजे एकाच कागदावर दोन कामं अवलंबून होती, शेतकऱ्याची पट्टी आणि तोलाईदारांची मजुरी. कागद एक, गरज दोघांना. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीच्या पुस्तकात कार्बन पेपर घातला. वरची प्रत लगेच दिवाणजींकडे, खालची तोलाईदारांच्या खिशात. चिठ्ठीचे ते तीन-चार तास तिथल्या तिथे वाचले, तेही कॉम्प्युटरला हात न लावता.

माहितीचा प्रवास

तिसरं एक चित्र असतं, त्याला 'डेटा फ्लो डायग्रॅम' म्हणतात. ते क्रम दाखवत नाही, फक्त कुठली माहिती कुठून निघते, कुठे जाते आणि कुठे साठते एवढंच दाखवतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांत ते रुळलं. लांबड न लावता एवढंच सांगते, की त्या दुकानात शेतकऱ्याचं नाव आणि पोत्यांची संख्या पाच ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहिली जात होती, आणि पाचांपैकी कुठे तरी चूक व्हायचीच.

या चित्राची ताकद समजायला फोर्ड कंपनीचं उदाहरण फार चांगलं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत पुरवठादारांचे पैसे चुकते करायला फोर्डकडे ५०० च्या वर माणसं होती. मायकेल हॅमर यांनी १९९० साली ही हकिकत लिहिली. फोर्डचा बेत होता की कॉम्प्युटर आणून ही संख्या ४०० वर आणायची. मग त्यांनी माझ्दा कंपनीत पाहिलं, तर तिथे हेच काम पाच जण करत होते. माझ्दा लहान कंपनी, हे धरूनसुद्धा फरक प्रचंड होता. फोर्डमध्ये खरेदीची ऑर्डर, माल पोचल्याची पावती आणि पुरवठादाराचं बिल असे तीन कागद जुळवत बसावं लागे, आणि माणसांचा बराचसा वेळ न जुळणाऱ्या कागदांमागे जाई. फोर्डने बिलच काढून टाकलं. माल दारात आला की तिथेच ऑर्डरशी ताडून बघायचा, जुळला की पैसे निघाले. नुसता कॉम्प्युटर आणला असता तर तेच तीन कागद जरा वेगाने जुळवले गेले असते.

"हे सगळं माझ्या डोक्यात आहे की"

असेलही. तीस-तीस वर्षं गादीवर बसलेल्या माणसाला धंदा तळहातासारखा माहीत असतो, यात मला शंका नाही. पण ऑगस्ट २०१९ आठवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. गणपती पेठेतल्या एका व्यापाऱ्यांचे दिवाणजी पलीकडच्या गावात अडकले, फोन बंद. वह्या वरच्या माळ्यावर सुखरूप होत्या, पण कुणाचा माल कुठल्या गोदामात रचलाय, कुणाला काय तोंडी कबूल केलंय, हे फक्त दिवाणजींना माहीत. पाणी चढत असताना आधी कुठलं गोदाम रिकामं करायचं, हे तिथल्या कुणालाच सांगता येईना. डोक्यातलं ज्ञान डोकं हजर असेल तोवरच कामाला येतं.

"आमच्याकडे रोज वेगळंच घडतं, ते चित्रात कसं बसणार?"

रोज वेगळं घडतं ते बहुतेक वेळा ठरलेल्या पाच-सहा प्रकारांनीच वेगळं घडतं. भाव पटत नाही, पोतं ओलं निघतं, वजनात तूट येते, खरेदीदार मुदत मागतो, दोन भावांच्या नावावर एकच माल येतो. प्रत्येकासाठी एक शंकरपाळी काढा. आधी सरळ दिवसाचं चित्र, मग एकेक वाकडं वळण. मी तर म्हणेन, सॉफ्टवेअर घेताना सरळ दिवसाचं चित्र दाखवण्यात वेळ घालवूच नका, ते त्यांना कुठल्याही दुकानातून मिळेल. वांध्यांची यादी घेऊन बसा.

"चार माणसांचं दुकान, एवढा खटाटोप कशाला?"

चार माणसांच्या दुकानाला एक दुपार आणि एक कागद पुरतो.

"चित्र निघालं की माणसं काढणार ना?"

हा प्रश्न हमालांनी विचारला होता, तोही मालक चहा सांगायला बाहेर गेल्यावर, हळू आवाजात. आणि तो रास्त आहे. फोर्डच्या त्या खात्यात बदलानंतर माणसं ७५ टक्क्यांनी कमी झाली, हेही त्याच हकिकतीत लिहिलेलं आहे. ते लपवून मला कुणाला चित्र काढायला बसवायचं नाही.

म्हणून मी काम हातात घेण्याआधी मालकांकडून एक गोष्ट सगळ्यांसमोर कबूल करून घेते : या चित्रावरून कुणाची मजुरी किंवा नोकरी जाणार नाही. जे मालक हे म्हणायला तयार नसतात, त्यांचं काम मी घेत नाही. यात माझा भाबडेपणा नाही. तोलाईदारांना आपली मजुरी जाईल अशी भीती असती, तर खिशातल्या चिठ्ठ्यांचं खरं कारण त्यांनी मला कधीच सांगितलं नसतं. मालकांच्या खोलीत बसून काढलेलं चित्र मालकांना वाटतं तसं असतं. प्रत्यक्ष काम कसं चालतं, ते काट्याजवळ उभं राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. त्याला धाक घालून ते बाहेर येत नाही.

सुरुवात कुठून करायची?

पूर्ण धंद्याचं झाड काढायला बसू नका, पहिल्या दिवशी दमून जाल. एक कागद निवडा. अडत दुकानात पट्टी, कारखान्यात जॉब कार्ड, पतसंस्थेत कर्जाचा अर्ज. तो जिथे जन्मतो तिथे जा आणि तो फायलीत निजेपर्यंत त्याच्यामागे चालत राहा. कुठे थांबला, कुणाच्या खिशात, कुणाच्या टेबलावर, किती वेळ, ते घड्याळ बघून लिहा. त्यावरून पट्ट्यांचं चित्र काढा. ते काढताना जी कामं समोर येतील, ती क्रियापदासकट वेगळ्या कागदावर मांडत जा, म्हणजे झाड आपोआप वाढतं. बापाची बेरीज मुलांशी जुळते का ते बघा. मग ते दोन्ही कागद त्या त्या माणसाला दाखवा आणि विचारा, "यात काय चुकलंय?" 'बरोबर आहे का?' असं विचारू नका. त्याला लोक 'हो' म्हणतात आणि उठून जातात.

त्या दुकानात पुढच्या हंगामात गेले तेव्हा कॉम्प्युटरवरचं फडकं निघालं होतं. कॅलेंडरचं ते पान गादीच्या मागे खिळ्याला लावलेलं होतं, कडा पिवळ्या झालेल्या. त्यावर 'वजन करणे' आणि 'पट्टी करणे' यांच्या मध्ये कुणी तरी पेन्सिलीने एक नवी शंकरपाळी काढली होती : 'लाइट गेली?' अक्षर दिवाणजींचं नव्हतं. विचारलं तर तोलाईदार काट्याजवळून म्हणाले, "ते राहिलं होतं, ताई. लाइट गेली की इलेक्ट्रॉनिक काटा बंद पडतो, मग जुना काटा काढायचा. तुम्ही गेल्यावर आठवलं."

"मग बाण कुठे जातो?"

ते हात पुसत आले, पेन्सिल मागितली आणि कागदावर वाकले.